हॉटेल मॅनेजमेंटला जाताय? आधी कॉलेजचं स्वयंपाकघर बघून या

पाचगणीच्या ज्या हॉटेलात मी हाउसकीपिंग सांभाळते, तिथं दरवर्षी सात-आठ मुलंमुली ट्रेनिंगला येतात. बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, "कॉलेजात स्वतःच्या हातानं किती पलंग लावलेस?" कुणी सांगतं पन्नास, कुणी सांगतं दोन. दोन सांगणाऱ्या पोराकडं बघून माझा जीव तुटतो. त्याच्या घरच्यांनी फी पूर्ण भरलेली असते आणि शिकण्याची वर्षं निघून गेलेली असतात. यंदा बारावीला असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीची. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, आईची विश्रामबागेत खानावळ होती. बारावी आर्ट्स करून मी पुण्याला चार वर्षांच्या पदवीला गेले. आर्ट्सच्या मुलीला हे चालतं का, असं तेव्हा सगळे विचारायचे. चालतं. कुठल्याही शाखेतून जाता येतं, मात्र बारावीला इंग्रजी विषय हवा.

वाटा तीन-चार आहेत आणि नावं सारखी वाटत असल्यानं गोंधळ होतो. पहिली वाट केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाखालच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची, म्हणजे एनसीएचएमची. तिची एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देशभर एकच असते. त्यातून तीन वर्षांची बीएस्सी मिळते. दादरची आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, याच वाटेवर आहे. १९५४ साली सुरू झालेली ती देशातली या विषयातली पहिली संस्था. परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्री नसतं. इंग्रजी, तर्क, अंकगणित, सामान्य ज्ञान आणि सेवाक्षेत्राची आवड जोखणारे प्रश्न असतात. दुसरी वाट बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंग टेक्नॉलॉजीची पदवी, चार वर्षांची. तिचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. तिसरी वाट विद्यापीठांच्या तीन वर्षांच्या हॉस्पिटॅलिटी किंवा पर्यटनाच्या पदव्यांची. स्वयंपाकच करायचा हे ज्याचं पक्कं आहे, त्याच्यासाठी दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा डिप्लोमाही आहे, आणि तो कमी दर्जाचा समजू नका.

कॉलेजात गेल्यावर पदवी नक्की कोण देणार, हे लेखी विचारा. सातारा-सांगलीतली कॉलेजं सहसा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असतात. कुणी दुसऱ्याच राज्यातल्या विद्यापीठाचं नाव सांगितलं, तर घाई न करता मान्यतेचे कागद मागा. आणखी एक काम डिसेंबरातच करा. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर यांतलं जे लागू असेल ते सेतू कार्यालयात आणि जात वैधता लागत असेल तर तिचा अर्ज जात पडताळणी समितीकडं टाकून ठेवा. माझ्या मामेभावाची जागा गुणांत बसत होती, पण वैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही म्हणून गेली.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

प्रॉस्पेक्टस ठेवा बाजूला. सकाळी दहा-साडेदहाला, प्रॅक्टिकलच्या वेळी जा आणि बेसिक ट्रेनिंग किचन दाखवा म्हणा. दारातूनच बरंच कळतं. शेगड्या पेटलेल्या आहेत का? फोडणीचा, भाजल्याचा वास येतोय का? एका ओट्याशी किती मुलं उभी आहेत? सर एकटे करतायत आणि पंचवीस मुलं वहीत लिहून घेतायत, असं चित्र असेल तर तिथं डेमोवर भागवतात. एकेका मुलाच्या हातात कढई आहे का, एवढं बघायचं.

मग स्टोअरमध्ये डोकवा. इंडेंटचं रजिस्टर, म्हणजे कुठल्या प्रॅक्टिकलला किती सामान मागवलं त्याची नोंद, नियमित भरलेलं दिसलं तर कॉलेज खरंच शिजवतंय. वीस मुलांच्या प्रॅक्टिकलला दीड किलो कांदा लिहिलेला असेल तर मुलांच्या वाट्याला काय आलं असेल ते आई बरोबर ओळखेल. म्हणून तिला सोबत न्या.

दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कँटीनमध्ये गाठून विचारा, "गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल किती झाली? ट्रेनिंगला कोण कुठं गेलं?" भिंतीवरच्या फ्लेक्सपेक्षा ही माहिती मोलाची. फीबरोबर बाकीचा खर्चही मांडून घ्या: शेफ कोट, चेक्सची पँट, अ‍ॅप्रन, सुऱ्यांचा संच, न घसरणारे काळे बूट, फ्रंट ऑफिससाठी, म्हणजे स्वागतकक्षासाठी, ब्लेझर. गावाकडच्या घराला हा आकडा ऐन जूनमध्ये कळला की ओढाताण होते.

विळी आणि सुरी

पहिल्या वर्षी माझी पहिली अडचण विळीनं केली. आईच्या खानावळीत मी रोज पाच किलो कांदा चिरायची, त्यामुळं वाटलं, हे तर येतंच. पण विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी फिरते. सुरीला भाजी जागेवर आणि हात फिरतो. माझ्या हाताला उलटी सवय होती. पहिल्याच आठवड्यात बोट कापलं.

उपाय असा. डाव्या हाताची बोटं आत वळवून नखं लपवायची, सुरीची बाजू बोटांच्या मधल्या पेराला टेकवायची आणि टोक फळीवरून न उचलता मागचा भाग वरखाली करायचा. वेग आपोआप येतो, तो मागायला जायचं नाही. घरी रोज दोन गाजरं घ्या. एकाची ज्युलियन करा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या, ४-५ सेंटिमीटर लांबीच्या काड्या. दुसऱ्याच्या तशाच काड्या करून आडव्या कापल्या की ब्रुन्वाज, ३ मिलिमीटरचे चौकोन. कंपासपेटीतली पट्टी ठेवून मोजा. सारखे तुकडे सारखे शिजतात, म्हणून ही मापं. जेवणात त्यांची कोशिंबीर होते, वाया काही जात नाही.

फ्रेंच नावांनी खचू नका. प्रत्येक नावाला घरातलं काहीतरी जोडून ठेवा. रू म्हणजे समान वजनाचं लोणी आणि मैदा एकत्र परतणं; ताकाच्या कढीला आपण बेसन लावतो ते दाट करण्यासाठीच. पांढऱ्या रूमध्ये दूध घातलं की बेशामेल, किंचित सोनेरी परतलेल्या रूमध्ये पांढरा स्टॉक, म्हणजे हाडं न भाजता उकळून काढलेलं पाणी, घातलं की वेलूते. पाच मूळ सॉसपैकी दोन इथंच झाले. मीझां प्लास म्हणजे आई पहाटे पाचला करायची तेच: कांदा चिरलेला, कणीक मळलेली, फोडणीचा डबा भरलेला, मगच गॅस.

अन्नसुरक्षेचा भाग मात्र परीक्षेपुरता वाचू नका. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. भाताचं तर विशेष आहे. बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात उकळला तरी मरत नाहीत, आणि पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं की ते जागे होऊन विष तयार करतात. ते विष सकाळी परतूनही जात नाही. हे शिकून मी सुट्टीत घरी आले आणि आईला रात्रीचा भात मोठ्या परातीत पातळ पसरून लवकर गार करायला आणि फ्रीजमध्ये ठेवायला लावला. ती वीस वर्षं स्वयंपाक करत होती, तरी ऐकलं तिनं.

हिशेब शिका, तो सगळीकडं लागतो

स्वयंपाक आवडतो म्हणून आलेली मुलं फूड कॉस्टच्या तासाला मागच्या बाकावर बसतात. असं करू नका. आईची थाळी ११० रुपयांना होती. मी वही घेऊन तिच्या शेजारी बसले आणि एका थाळीचा कच्चा माल मांडला तर ३८ रुपये आला. ३८ भागिले ११०, म्हणजे साडेचौतीस टक्के. हॉटेलंही साधारण तीस ते पस्तीस टक्क्यांत हा आकडा धरून ठेवायला बघतात. उरलेल्यातून गॅस, पगार, भाडं, वीज आणि मग नफा.

मेथीला आमचा हिशेब चुकत होता. चाळीस रुपये किलोची मेथी आणली, निवडून पाला वजन केला तर निम्माच भरला. म्हणजे कढईत पडली ती मेथी ऐंशी रुपये किलोची. कॉलेजात याला यील्ड टेस्ट म्हणतात. तुमच्या घरच्या पाच भाज्यांची करून बघा. या विषयाची भीती एका आठवड्यात जाईल.

फ्रंट ऑफिसचंही तसंच. चाळीस खोल्यांतल्या तीस विकल्या, सरासरी दर तीन हजार. ऑक्युपन्सी ७५ टक्के. एकूण उत्पन्न नव्वद हजार. ते सगळ्या चाळीस खोल्यांवर वाटलं की २,२५० रुपये, हा रेव्हपार, म्हणजे दर खोलीमागचं उत्पन्न. पाचगणीला मे महिन्यात आणि दिवाळीत तो बघायचा नसतोच. जुलैतल्या मंगळवारी, बाहेर धुकं आणि आत सहा खोल्या भरलेल्या असताना, तोच आकडा सांगतो की दर किती खाली आणायचा.

हाउसकीपिंगबद्दल मी पक्षपाती आहे, पण थोडं सांगते. मुलं याला झाडलोट समजतात. पाचगणीच्या पावसात गाद्यांना, पडद्यांना, कपाटाच्या मागच्या फळीला बुरशी धरते. चादरी वाळत नाहीत. पाहुणा वासावरूनच खोली नाकारतो. कुठल्या खोलीला कधी हवा द्यायची, लिननचे, म्हणजे चादरी-टॉवेलचे, संच किती ठेवायचे, हे ठरवणं म्हणजे हाउसकीपिंग. स्वच्छता वरून खाली आणि आतून दाराकडं. आणि ब्लीच कधीही अ‍ॅसिडच्या क्लीनरमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

पर्यटनाचा प्रोजेक्ट गावातच आहे

प्रोजेक्टसाठी सगळे गोवा-केरळ घेतात, इंटरनेटवरून उतरवतात. मी हरिपूरची पेवं घेतली. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमापाशी जमिनीखाली खोल खणलेली ही हळदीची कोठारं. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच खराब झाली. वडिलांच्या ओळखीनं एका जुन्या हमालाशी बोलले, पेवाचं तोंड किती, आत हवा कशी कळते, हे विचारून लिहिलं. मग सकाळी मार्केट यार्डातला हळदीचा सौदा, दुपारी हरिपूर, संध्याकाळी मिरजेत सतार बनवणाऱ्यांची गल्ली, असा एक दिवसाचा कार्यक्रम आखला. वेळा एसटीनं आणि रिक्षानं प्रत्यक्ष फिरून लावल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर अर्धा तास प्रश्न विचारले आणि मला सगळ्यांची उत्तरं येत होती.

साताऱ्याच्या मुलांकडं तर भांडार आहे. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, प्रतापगड २०२५ साली मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर. कासचा फुलांचा हंगाम मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तेवढ्या दिवसांत गर्दीचं काय करायचं, गाड्या कुठं थांबवायच्या, गावातल्या बायकांना जेवणाचं काम कसं मिळेल, हा प्रोजेक्ट कुणीतरी नीट करायला हवा. मला तो वाचायचाय.

ट्रेनिंग

पदवीतला सगळ्यात मोठा धडा औद्योगिक प्रशिक्षणाचा. साधारण चार ते सहा महिने, चारही विभागांत: स्वयंपाकघर, जेवण वाढण्याची सेवा, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. माझ्या वेळी एका मोठ्या हॉटेलात मला सात आठवडे नुसतं बटाटे सोलणं आणि भांड्यांवर ठेवलं. मनुष्यबळ कमी होतं आणि ट्रेनी स्वस्त पडतात. मी रडून घरी फोन केला. आई म्हणाली, "वहीत तारखा आहेत ना? मग त्या दाखव." लॉगबुक घेऊन ट्रेनिंग मॅनेजरकडं गेले, आरडाओरडा न करता तारखा दाखवल्या आणि विचारलं, "मॅडम, माझे इतर तीन विभाग कधी?" चौथ्या दिवशी बदली झाली. म्हणून लॉगबुक रोज रात्री भरा: तारीख, वेळ, काय केलं, कुणी शिकवलं. आठवड्याचं एकदम भरलेलं लॉगबुक दिसताक्षणी ओळखू येतं.

जाण्याआधी हॉटेलला विचारा: राहायची सोय आहे का, रात्रपाळीनंतर मुलींना सोडायला गाडी आहे का, स्टायपेंड किती. मुलींनी एक कायदा माहीत करून घ्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्या सदस्यांची नावं सहसा स्टाफ कँटीनजवळ लावलेली असतात. पहिल्या दिवशीच वाचून ठेवा आणि कॉलेजच्या मॅडमचा नंबर घरच्यांकडंही द्या.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमाच्या प्रत्येकाला असते, मलाही होती. मी वीस वाक्यं पाठ केली. तक्रार आली की खोली नंबर लिहून घ्यायचा, तक्रार त्यांच्याच शब्दांत परत म्हणायची, किती मिनिटांत होईल ते सांगायचं, आणि झाल्यावर स्वतः फोन करायचा. एवढ्याला वीस वाक्यं पुरतात. बाकीची भाषा पाहुणेच शिकवतात.

निघताना बॅगेत काळ्या मोज्यांचे चार जोड, सेफ्टी पिना, बोटाला लावायच्या पट्ट्या, दोन पेनं आणि शेफ कोटच्या खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. वही दोऱ्यानं शिवलेली घ्या. स्पायरलची तार अ‍ॅप्रनमध्ये अडकते आणि पानं ओल्या हातानं फाटतात.