पॉइंट बरोबर, तरी एलिप्स चेपलेली? फ्रेंच कर्व्ह वापरताना या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला ग्राफिक्सचं (ड्रॉइंगचं) सबमिशन जवळ आलं की हा प्रश्न ठरलेला, पॉइंट सगळे बरोबर घेतलेत मग एलिप्स (लंबवर्तुळ) बटाट्यासारखी का दिसतेय. आणि खापर फुटतं फ्रेंच कर्व्हच्या, म्हणजे पॉइंट जोडायच्या बाकदार पट्ट्यांच्या सेटवर, स्वस्तातला आणला म्हणून. सेटचा दोष फार क्वचित असतो (कडेला चरे पडले असतील तर मात्र खरंच बदला).

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन पॉइंट जुळले की लगेच रेघ ओढणं. अहो दोन पॉइंटमधून कुठलाही बाक जातो! निदान तीन, जमलं तर चार पॉइंट बसवा, आणि चार बसले तरी रेघ शेवटपर्यंत न्यायची नाही, शेवटचा टप्पा सोडायचा, मग कर्व्ह सरकवून पुढचे पॉइंट जुळवताना हा सोडलेला टप्पा आणि आधीच्या रेघेचा थोडा भाग दोन्हीवर तो नीट बसतोय का बघायचं. नाहीतर प्रत्येक जोडावर कोपरा येतो आणि तो लांबूनही दिसतो.

कर्व्हची दिशाही बघा. त्याचा बाक एकीकडे आवळत जातो, दुसरीकडे सैल होतो. तुमचे पॉइंट ज्या बाजूला आवळतायत तिकडेच त्याची आवळती बाजू हवी. इन्व्होल्यूटला (गुंडाळलेला दोरा ताणून उलगडताना त्याचं टोक काढतं तो बाक) बरेच जण इथेच फसतात, उलटा ठेवून तीन पॉइंट कसेबसे जुळवतात आणि चौथा बाहेर.

आता एलिप्सची टोकं, खरी गोची तिथेच आहे. समजा मेजर ॲक्सिस (लांबीकडचा अक्ष) 120 मिमी, मायनर (रुंदीकडचा) 60, आणि कॉन्सेंट्रिक सर्कल मेथडने (एकाच केंद्राची दोन वर्तुळं काढून त्यांवरून पॉइंट मिळवायची रीत) नेहमीसारखे 12 भाग केले, तर टोकानंतरचा पहिला पॉइंट येतो 8 मिमी आत आणि 15 मिमी वर, म्हणजे सगळ्यात तीव्र वळण जिथे आहे तिथेच मध्ये एकही पॉइंट नाही, मग कर्व्ह बिचारा काय करणार. तिथे मेजर ॲक्सिसपासून 15 अंशाची जादा रेघ घ्या, दोन्ही सेट स्क्वेअर एकत्र लावले की मिळते. तरी जमेना तर सरळ कंपास घ्या. टोकाची त्रिज्या म्हणजे अर्ध्या मायनरचा वर्ग भागिले अर्धा मेजर, इथे 900 भागिले 60, 15 मिमी. हा आर्क त्या 15 अंशाच्या पॉइंटपर्यंत एलिप्सपासून जेमतेम 0.1 मिमी सरकतो, त्यापुढे मात्र ओढू नका, आत घुसतो.

एक बाजू जमली की कर्व्हवरच पेन्सिलने सुरुवात-शेवटाच्या खुणा करा आणि उलटा करून दुसऱ्या बाजूला तोच भाग वापरा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या अंदाजाने काढल्या तर एलिप्स एका अंगाला कलते.

पेन्सिलचं थोडक्यात, आधी 2एचने (ही जास्त कडक, फिकट उठते) हातानेच फिकट रेघ, मग कर्व्ह लावून एच, टोक कायम बारीक आणि पेन्सिलचा कल सगळीकडे सारखा. शाईने काढायचं असेल तर कर्व्हखाली, कडेपासून जरा आत, चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, कड कागदापासून उचललेली राहते आणि शाई खाली ओढली जात नाही.