प्रेग्नन्सीत आणि डिलिव्हरीनंतर रक्ताची गुठळी: काय बघायचं, काय करायचं

प्रेग्नन्सीत दोन्ही पाय थोडे सुजणं कॉमन आहे (सोबत डोकं दुखतंय, बीपी वाढलंय तर मात्र लगेच दाखवा). पण एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, हात लावला तर गरम लागतेय, तर पायाच्या शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्या बघू म्हणून झोपू नका. बहुतेक वेळा तो डावा पाय असतो कारण त्या बाजूची शीर धमनीखाली दबलेली असते, त्यात गर्भाशयाचं वजन. दुखऱ्या पोटरीला मालिश अजिबात नको. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, थेट इमर्जन्सी.

आधी गुठळी झालेली असेल, घरात कोणाला असेल, वजन जास्त, वय ३५ च्या वर, जुळी, सिगारेट, सिझेरियन, यातलं जे असेल ते पहिल्याच व्हिजिटला सांगून टाका, विचारायची वाट बघू नका. बाकी पाणी भरपूर प्या, लांबच्या प्रवासात मधेमधे उठून चाला, सिझेरियननंतर डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर उभं राहा.

निदान पायाच्या डॉपलर सोनोग्राफीने होतं, बाळाला त्रास नाही. उपचार म्हणजे बहुतेक वेळा हेपरिनचं (रक्त पातळ ठेवणारं औषध) इंजेक्शन, ते नाळेतून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) जातं, म्हणून आधीपासून घेत असाल तर प्रेग्नन्सी कळताच फोन करा, मनाने बंद करू नका.

इंजेक्शन घरी घेता येतं. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, हळू दाबायचं, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा सहसा काढायचा नसतो, आणि नंतर चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं होतं. रोज बाजू बदला. कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर पुढचा डोस घ्यायच्या आधी हॉस्पिटलला विचारा, कारण डोसनंतर एपिड्युरलसाठी (पाठीतून देतात ते कळा कमी करायचं इंजेक्शन) १२ तास, मोठ्या डोसला २४ तास थांबावं लागतं.

आणि डिलिव्हरी झाली की सुटलो असं नाही हं, सगळ्यात जास्त धोका नंतरच्या ६ आठवड्यांत असतो, त्यातही पहिले काही आठवडे. गुठळी झालेली असेल तर उपचार किमान हे ६ आठवडे संपेपर्यंत आणि एकूण ३ महिने तरी चालतो. हेपरिन, वॉरफरिन दोन्हीवर अंगावर पाजता येतं, रिव्हारोक्सॅबानसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांवर नको. गर्भनिरोधक गोळी घ्यायची असेल तर इस्ट्रोजेनवाली नको, गुठळी झाली होती हे आधी सांगा.