मणक्याच्या दुखापतीनंतर बीपी, घाम, ताप तपासताना या चुका टाळा

हातापायांची ताकद आणि संवेदना तपासून ‘एशिया’ ग्रेड (मणक्याची इजा किती, याची ए ते ई श्रेणी) लिहिली की झालं, असं अनेक वॉर्डांत धरलं जातं. पण त्या ग्रेडवरून स्वायत्त मज्जासंस्थेचं (बीपी, घाम, तापमान आपोआप सांभाळणाऱ्या नसांचं) काहीच कळत नाही. त्यासाठी २००९ मध्ये आलेलं आणि २०२१ मध्ये सुधारलेलं वेगळं आंतरराष्ट्रीय नोंदपत्रक आहे. ते फाइलला लावा.

सगळ्यात जास्त घोळ बीपीत होतो. अक्कलकोट, बार्शीकडून जीपमध्ये हादरे खात आलेल्या पेशंटला उतरवल्या उतरवल्या कफ बांधू नका. आधी लघवीची पिशवी आणि नळी बघा. मूत्राशय तुंबलेलं असेल तर बीपी चढतं, आणि बसवल्यावर होणारी घसरण त्यात लपून जाते. पोटाचा पट्टा, घट्ट मोजे काढा. मिडोड्रिन (बीपी वाढवणारी), बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी), टॅमसुलोसिन (लघवी मोकळी करणारी) यांपैकी काय चालू आहे आणि शेवटची गोळी कधी घेतली, ते लिहून ठेवा.

मग १० मिनिटं उताणं झोपवून बीपी आणि नाडी घ्या. दोघांनी धरून ताठ बसवा, पाय पलंगाखाली सोडा. पेशंटला स्वतः जोर लावू देऊ नका. स्नायू आवळले की आकडा बदलतो. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला मोजा. तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन (उठवल्यावर बीपी उतरणं), चक्कर येवो न येवो. डोळ्यांपुढे अंधारी आली तर मिनिटं पुरी करत बसू नका, लगेच आडवं करा.

इथे एक बारीक चूक सर्रास होते. बसवल्यावर हात मांडीवर पडलेला राहतो आणि मोजमाप तसंच घेतलं जातं. कफ हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर आकडा साधारण ७-८ ने जास्त येतो, म्हणजे २० ची घसरण १२ ची दिसते. हाताखाली उशी द्या. वाळलेल्या दंडाला मोठा कफ लावला तर आकडा उलट कमी येतो. लहान कफ जवळ ठेवा. हाताला झटके येत असतील तर ऑटोमॅटिक मशीनवर विसंबू नका.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. मानेला इजा झालेल्या पेशंटचं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं. डोकं ठणकतंय, चेहरा लाल, कपाळावर घाम, आणि चार्टवर १३५. ‘नॉर्मल आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. टी-६ (छातीच्या मणक्यांतला सहावा) किंवा त्यावरची इजा असेल, तर नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ने वाढ म्हणजे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (इजेखालच्या त्रासाने बीपी अचानक चढणं) समजा. नाडी मंदावलीच पाहिजे असं नाही. नातेवाईक अशा वेळी हमखास आडवं करतात. त्याने बीपी आणखी चढतं. ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का बघा, दर २ ते ५ मिनिटांनी बीपी घ्या. लघवी मोकळी असेल तर संडास तुंबली आहे का बघा. बोट घालण्याआधी लिग्नोकेन जेली लावून थोडं थांबा. मग जखमा, आत वाढलेलं नख.

एप्रिल-मेचं सोलापूर म्हणजे वेगळंच प्रकरण. इजेच्या पातळीखाली घामच येत नाही, त्यामुळे बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखाली जाड चादर ओढून झोपवलेल्या पेशंटचं अंग ३८ पर्यंत सहज जातं. तो दरवेळी जंतुसंसर्गाचा ताप नसतो. गारव्यात न्या, चादर काढा, ओलं फडकं फिरवून पंखा लावा (नुसता पंखा गरम हवाच फेकतो) आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पण लघवी आणि जखमा त्याच वेळी तपासा. उतरला नाही तर संसर्ग धरूनच चला.

दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांत स्पायनल शॉक (इजेखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया तात्पुरत्या बंद पडणं) असतो. तेव्हाची नोंद कायमची मानू नका, पुन्हा तपासा.

राहिला नोंदपत्रकातला लैंगिक क्रियेचा रकाना. तो बहुतेक कोराच दिसतो, कारण खोलीत सासू, काका, दीर सगळे उभे असतात. त्यांना बाहेर पाठवा आणि सरळ विचारा, लैंगिक ताठरतेच्या गोळ्यांबद्दलही. डिसरिफ्लेक्सियात नायट्रेट (बीपी झटकन उतरवणारं औषध) देण्याची वेळ आली आणि पेशंटने गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतलं असेल, तर बीपी धोकादायक कोसळतं.