भेट निवडण्याची धास्ती कशी कमी झाली

सुट्ट्या जवळ आल्या की भेटवस्तू निवडण्याच्या विचारानेच माझी झोप उडत असे आणि अखेरीस मी सर्वांत महागडी वस्तू उचलत असे, कारण किंमत जास्त असली म्हणजे माया कमी पडणार नाही, असे मला वाटे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात मात्र किमतीची आणि कौतुकाची सांगड देणाऱ्यांनी घातली होती, घेणाऱ्यांनी नव्हे. हे वाचल्यापासून कोणी सहज बोलून गेलेली गरज मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवते आणि नोंद नसेल तेव्हा सरळ विचारते. विचारल्याने आनंद ओसरतो, ही माझी समजूत चुकीची होती. यंदा ताईच्या नावापुढे एकच ओळ होती, ‘वाचताना दिवा डोळ्यांवर येतो’, आणि तिच्यासाठी दिवा मी दहा मिनिटांत निवडला.