कॅस्केड लिहिण्याआधी पीजी_डिपेंडला विचारा

एका टेबलातला जुना कॉलम काढायचा होता. पोस्टग्रेस या डेटाबेसने अडवलं: यावर इतर ऑब्जेक्ट अवलंबून आहेत, तेही काढायचे असतील तर ड्रॉपला कॅस्केड जोडा. मी जोडलं. कॉलमबरोबर तीन व्ह्यू (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) गेले आणि त्यांतल्या एकावर महिनाअखेरचा अहवाल चालत होता. बॅकअपमधून व्याख्या शोधून व्ह्यू परत उभे केले, तरी अहवाल चालेना, कारण व्ह्यूबरोबर त्यांच्यावरच्या परवानग्याही गेल्या होत्या. तेव्हापासून कॅस्केड टाइप करण्याआधी मी कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसने स्वतःच्या ऑब्जेक्टची नोंद ठेवलेली टेबलं, वाचते. त्याची पद्धत इथे लिहीत आहे.

एका डेटाबेसमधलं अवलंबित्व पीजी_डिपेंड या टेबलात असतं. त्यातली प्रत्येक ओळ ‘हा त्याच्यावर अवलंबून आहे’ एवढंच सांगते. क्लासआयडी, ऑब्जआयडी, ऑब्जसबआयडी हे तीन कॉलम अवलंबून असणाऱ्याचे. रेफ लागलेले तीन कॉलम ज्याच्यावर तो टेकला आहे त्याचे. क्लासआयडी म्हणजे ऑब्जेक्टची नोंद कुठल्या कॅटलॉगमध्ये आहे ते. तो गाळून नुसत्या ऑब्जआयडीवर शोधू नका. ओआयडी, म्हणजे ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक, आपापल्या कॅटलॉगपुरताच एकमेव असतो, त्यामुळे एकाच आकड्याचं टेबल आणि फंक्शन दोन्ही असू शकतात. सबआयडी म्हणजे कॉलमचा क्रमांक. तिथे शून्य असेल तर अख्खा ऑब्जेक्ट.

पहिली क्वेरी सोपी आहे. रेफक्लासआयडीत पीजी_क्लास (टेबलं आणि व्ह्यूंचा कॅटलॉग) आणि रेफऑब्जआयडीत आपलं टेबल अशी अट घाला. दोन्ही नावांना रेगक्लास टाइप लावला की ओआयडी हुडकावा लागत नाही. उत्तरात पीजी_डिस्क्राइब_ऑब्जेक्ट हे फंक्शन वापरा. त्याला पहिले तीन कॉलम दिले की आकड्यांऐवजी वाचता येणारं वर्णन मिळतं. एकाच कॉलमपुरतं बघायचं असेल तर रेफऑब्जसबआयडीत त्याचा ॲटनम, म्हणजे कॉलमचा क्रमांक, घाला. तो पीजी_ॲट्रिब्यूटमधूनच घ्या, बोटांनी मोजू नका. पूर्वी काढलेले कॉलम आपला क्रमांक सोडत नाहीत, त्यामुळे मोजणी चुकते.

मग डेपटाइप, म्हणजे अवलंबित्वाचा प्रकार सांगणारा कॉलम, बघा. ‘ए’ म्हणजे ऑटो: इंडेक्स, डिफॉल्ट किंवा सिरियलचा सीक्वेन्स, जे मूळ गेलं की मुकाट जातात. ‘आय’ म्हणजे इंटर्नल, दुसऱ्या ऑब्जेक्टचा अंतर्गत भाग. ‘एन’ म्हणजे नॉर्मल. ड्रॉपला अडवणारे आणि कॅस्केडमध्ये बळी जाणारे हेच, म्हणून माझी नजर आधी ‘एन’वर जाते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. या यादीत व्ह्यू त्याच्या ओआयडीने सापडत नाही. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यूमागे _रिटर्न नावाचा रूल (क्वेरी बदलून लिहिण्याचा नियम) असतो आणि टेबलावर अवलंबून असतो तो रूल. मी आधी क्लासआयडी पीजी_क्लास अशी अट घालून बघत असे आणि ‘एकही व्ह्यू नाही’ असं समजून पुढे जात असे. त्याऐवजी ऑब्जआयडीवरून पीजी_रीराइट या रूलच्या कॅटलॉगला जॉइन करा. तिथला ईव्ही_क्लास म्हणजे खरा व्ह्यू. वापरलेल्या प्रत्येक कॉलमची ओळ वेगळी येते, म्हणून डिस्टिंक्ट लावा. रूल स्वतःच्या व्ह्यूवरही अवलंबून असतो. ईव्ही_क्लास आणि रेफऑब्जआयडी समान असलेल्या ओळी गाळा.

व्ह्यूवर व्ह्यू असतील तर हाच जॉइन विथ रिकर्सिव्हमध्ये (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरणाऱ्या क्वेरीत) घाला आणि प्रत्येक पायरीला खोलीचा आकडा एकने वाढवा. एकच व्ह्यू दोन वाटांनी येतो, तेव्हा त्याची मोठी खोली धरा. काढताना खोलवरचा आधी, परत बनवताना उथळ आधी. काढण्यापूर्वी पीजी_गेट_व्ह्यूडेफने व्याख्या आणि पीजी_क्लासच्या रेलएसीएलमधून परवानग्या फाइलमध्ये उतरवून घ्या. ओआयडी मात्र कुठेही साठवू नका. डंप परत भरला की ते बदलतात.

पीजी_डिपेंडला न दिसणारंही बरंच असतं. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतल्या फंक्शनची बॉडी डेटाबेससाठी नुसती स्ट्रिंग असते, तिच्यातल्या टेबलांची नोंद होत नाही. १४व्या आवृत्तीपासून बिगिन ॲटॉमिकने लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनची होते. बाकीच्यांसाठी पीजी_प्रॉक या फंक्शनच्या कॅटलॉगमधल्या प्रोएसआरसी कॉलममध्ये कॉलमचं नाव शोधावंच लागतं. रोल आणि त्यांची मालकी पीजी_एसएचडिपेंडमध्ये असते.

शेवटी पडताळा. चाचणीच्या प्रतीवर बिगिन, मग ड्रॉप कॅस्केड, मग रोलबॅक, आणि आलेल्या सूचना आपल्या यादीशी ताडून बघा. चालू सर्व्हरवर हे करू नका, रोलबॅक होईपर्यंत टेबलावर पूर्ण लॉक बसतो. यादी लांब असेल तर क्लायंटला पहिले १०० ऑब्जेक्टच दिसतात. पूर्ण यादी सर्व्हरच्या लॉगमध्ये वाचा, मात्र त्यासाठी लॉगची पातळी (लॉग_मिन_मेसेजेस) नोटिसपर्यंत उतरवलेली हवी.