कळलावी बियांपासून लावताना

कळलावी या कंदाच्या फुलवेलीचं बोंड तडकलं की आत लालभडक बी दिसतं. वरचं मांसल आवरण चोळून काढा, बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवा नि अर्धा इंच खोल पेरा. आपली नाशिकची काळी माती नुसती वापरू नका. पाणी धरते, कंद कुजतो. निम्मी वाळू घालाच. उगवण भलतीच लहरी: काही बी महिन्यात, काही तीन महिन्यांनी, त्यामुळे कुंडी रिकामी करायची घाई नको. पानाचं टोकच वळून आधार धरतं, म्हणून काठी बारीक हवी. पावसाळा सरल्यावर वेल सुकते, पण कंद जिवंत असतो. पाणी बंद करा, जूनमध्ये सुरू करा. फुलांना दोन-तीन वर्षं लागतात. सगळी वेल विषारी, कंद तर फारच. घरगुती औषधाच्या फंदात मुळीच पडू नका.