ट्रॅक्टरने बाभळीचा खुंट उपटताना
इंदूरच्या आसपासच्या काळ्या जमिनीत बाभळीचा खुंट ट्रॅक्टरने उपटायचा असेल, तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागचा ओढण्याचा दांडा) अडकवावी. ती मागच्या आसाच्या वर, विशेषतः टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली, तर खुंट जागचा न हलता ट्रॅक्टरचीच पुढची चाके उचलली जातात आणि तो चालकावर उलटायला क्षणाचाही अवधी लागत नाही. आधी खुंटाभोवती चर खणून आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडावीत, मगच पहिल्या लो गिअरमध्ये साखळी सावकाश ताणावी. झटका मुळीच देऊ नये. पावसाळ्यात ही माती चाकांना लिंपते, उन्हाळ्यात दगडासारखी होते, म्हणून वाफसा, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशी वेळ, साधावा. तुटलेली साखळी उसळून येते, तेव्हा तिच्या टप्प्यात कोणी, मदतीला धावून आलेले हौशी शेजारीसुद्धा, उभे नसावे.